अर्धा मिलिमीटर जेलकोट आणि चिवट डाग

फायबरच्या बोटीचं जे पांढरंशुभ्र, चकचकीत अंग बाहेरून दिसतं, तो रंग नसतो. तो जेलकोट असतो. साच्यात बोट घडवताना सगळ्यात आधी साच्याच्या आतल्या बाजूला रंगद्रव्य घातलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर देतात आणि मग त्याच्या पाठीवर काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवतात. बोट साच्यातून बाहेर निघाली की तो पहिला थर सगळ्यात वर येतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. ऊन, खारं पाणी, गंज, शेवाळ, इंजिनाचा धूर हे सगळं एवढ्याशा थरावर येऊन बसतं, आणि आपण घासायला लागलो की झिजतो तोही हाच थर. आमच्या बोटीचे डाग काढताना मला सगळ्यात जास्त काय सांभाळावं लागलं असेल, तर हा अर्धा मिलिमीटर.

बोट जुनी, आणि बराच काळ एकाच जागी नांगरून पडलेली. ट्रेलरवर चढवून पाण्याबाहेर काढली तेव्हा वरवरची घाण पाइपच्या पाण्याने निघून गेली आणि खरे डाग उघडे पडले. पाण्याच्या रेषेवर सगळीकडून पिवळा-तपकिरी पट्टा. नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, तो दोन्ही बाजूंना वर चढून मिशीसारखा वळलेला. कडेच्या रबरी पट्टीखालून गंजाचे ओघळ. मागे धुराच्या नळीभोवती काळपट तेलकट ढग. पाण्याच्या रेषेखाली, जिथे तळाचा रंग उडाला होता तिथे बार्नेकल, म्हणजे कवचवाले छोटे समुद्री प्राणी, चिकटलेले, आणि जिथले आधीच पडून गेले होते तिथे त्यांच्या बुडांची पांढरी वर्तुळं. तळाच्या निळ्या रंगाचे फराटे वर पांढऱ्यावर आलेले. शिवाय सगळ्या अंगाला एक मंदपणा, बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागायची.

धाकटा भाऊ मदतीला होता. त्याचा उत्साह दांडगा, त्याने बफिंग मशीन आणि रबिंग कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, आधीच काढून ठेवलं होतं. पण फायबरचं काम करणारे एक जुने मिस्त्री आमच्या ओळखीचे, ते बोटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ताई, मशीनला एवढ्यात हात लावू नका. एकेक डाग कशाचा आहे ते आधी ठरवा, मग बाटली उघडा. आणि मशीन सगळ्यात शेवटी."

मी ते अक्षरशः पाळलं. एक वही घेऊन बोटीच्या दोन्ही बाजूंचं कच्चं चित्र काढलं आणि प्रत्येक डागापुढे त्याचं मूळ लिहीत गेले. काही डाग बघूनच कळतात, काहींना तपासावं लागतं. एक सोपी खूण म्हणजे पाणी. मंद पडलेल्या जागेवर ओलं फडकं फिरवलं आणि ओलं असेपर्यंत चमक परत आली, तर तिथे डाग असा नाहीच. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटलंय आणि रंगद्रव्याची भुकटी मोकळी झालीये. पाण्याने ती भेगाळलेली पातळी भरून निघते म्हणून तेवढ्यापुरती चकाकते. ओल्यानेही पिवळेपणा तसाच राहिला तर मात्र काहीतरी आत मुरलंय. तेलकट फडक्यावर काळं उतरलं तर ती काजळी. बोटाच्या नखाला खडबडीत लागलं तर चुना, म्हणजे बार्नेकल.

हे का करायचं, तर एका डागावर चालणारं औषध दुसऱ्यावर नुसतं वायाच जातं असं नाही, कधी कधी काम बिघडवतं. गंज ॲसिडने सुटतो, पण काजळीवर ॲसिड ओतून काही होत नाही. काजळीला साबण, क्षार लागतो आणि तो गंजाचं काही करत नाही. आणि घरोघरी असतं ते क्लोरीनवालं ब्लीच: शेवाळाचा हिरवेपणा त्याने जातो, पण गंजाच्या डागावर ते लावलं तर गंज हलत नाही, उलट आसपासचं लोखंड आणि स्टीलही ते खातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो जीवघेणा असतो. त्यामुळे ब्लीचची बाटली मी कामाच्या जागेपासून लांब, कुलपात ठेवली. मोकळ्या हवेत काम आहे म्हणून काय होतंय, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बोटीच्या पोटाखाली डोकं घालून बसलेल्या माणसाच्या नाकाशी हवा मोकळी नसते.

पहिलं काम साध्या धुण्याचं. मऊ ब्रश, बोटींसाठीचा साबण आणि भरपूर गोडं पाणी. साबणाचं पाणी खालून वर लावत गेलो, कारण वरून सुरू केलं की घाणेरडं पाणी खालच्या कोरड्या भागावर ओघळतं आणि ते ओघळ पुन्हा वेगळे काढावे लागतात. खंगाळताना मात्र वरून खाली. प्रेशर वॉशर आमच्याकडे होता. तळाला वापरला, पण नोझल हातभर लांब ठेवून. जवळून मारलेल्या धारेने रबरी पट्टीच्या आत आणि फिटिंगच्या सीलंटमध्ये पाणी घुसतं, अक्षरांचे स्टिकर उचलले जातात.

मग बार्नेकल. या प्राण्याबद्दल मला खरोखर आदर वाटतो. शिंपल्यासारखा दिसतो, पण शिंपल्यांचा नातेवाईक नाही. खेकडे आणि कोळंबीच्या जातकुळीतला. पिल्लू असताना पाण्यात पोहत असतं, जागा पसंत पडली की डोक्याकडून चिकटतं आणि मग आयुष्यभर तिथेच. चिकटण्याआधी ते तेलकट द्रव सोडून पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सारतं आणि त्यामागून प्रथिनांचा गोंद सोडतं. पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर इतकं पक्कं चिकटण्याची युक्ती माणसाला अजून शिकायची आहे. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच प्राण्यांच्या अभ्यासाला दिली होती. त्यांची वर्तुळं खरवडताना मला ते वारंवार आठवायचं.

जिवंत किंवा नुकते मेलेले बार्नेकल ओले असतानाच प्लास्टिकच्या रुंद खरवडणीने काढायचे. बोट बाहेर काढल्यावर लगेच हे केलं तर ते बऱ्यापैकी सहज सुटतात. सुकले की दगड होतात. लोखंडी पटाशी हातात घ्यायचा मोह होतो, कारण तिने पटापट निघतात. पण पटाशीचा कोपरा एकदा जेलकोटमध्ये रुतला की तो ओरखडा डागापेक्षा खोल जातो. आम्ही प्लास्टिकची खरवडणी वापरली आणि तिची धार गेली की पॉलिश पेपरवर घासून परत आणली.

कवच निघतं, पण बुडाची चकती मागे राहते. तीच ती पांढरी वर्तुळं. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते, म्हणजे चुनखडीच, आणि घासून जात नाही. तिला ॲसिड लागतं. मी पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलं. इथे काही गोष्टींत तडजोड नाही: आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, कधीही उलट नाही, रबरी हातमोजे कोपरापर्यंत, डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला गॉगल, वारा पाठीमागून, आणि शेजारी पाइप चालू. ट्रेलरचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेला असतो आणि जस्त ॲसिडमध्ये विरघळतं, म्हणून तो सगळा आधी प्लास्टिकच्या कागदाने झाकून, कडा टेपने बंद केल्या. प्रोपेलरजवळ जस्ताचे ॲनोड असतात, जे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात; तेही झाकले. ॲल्युमिनियमची बोट असती तर या ॲसिडला मी जवळच येऊ दिलं नसतं.

बादलीतलं ॲसिड अंगावर फासायचं नव्हतं. छोटा कुंचला घेऊन एकेका वर्तुळावर टेकवत गेले. टेकवलं की बारीक फेस उठतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. चुन्यातला कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. फेस आहे तोवर चुना आहे. फेस थांबला, की एक तर चुना संपला किंवा त्या थेंबातलं ॲसिड संपलं; पाण्याने धुऊन बोट फिरवायचं, खडबडीत लागलं तर दुसरा थेंब. या कामात हा फेस मला फार आवडला, कारण कधी थांबायचं ते तो नेमकं सांगतो. फार थोड्या डागांमध्ये अशी सोय असते. प्रत्येक पट्टा झाला की भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी.

चुना आधी काढायचा आणि पिवळा डाग नंतर, हा क्रमही मुद्दामचा. पिवळ्या डागाला आणि गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, आणि ऑक्झॅलिक ॲसिडला कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. मुतखडे बहुतेक वेळा त्याचेच असतात. म्हणजे चुन्याच्या वर्तुळांवर ऑक्झॅलिक लावलं, तर चुना विरघळण्याऐवजी त्याच्यावर एक पांढरा अविद्राव्य पापुद्रा बसतो आणि खालचा चुना सुरक्षित राहतो. हे ज्याला माहीत नाही तो दिवसभर एकाच वर्तुळाशी झगडत बसतो.

आता पाण्याच्या रेषेवरचा पिवळा पट्टा. यात दोन गोष्टी असतात. कुजलेल्या पानांतून, लाकडांतून पाण्यात उतरलेलं टॅनिन, आणि पाण्यात विरघळलेलं लोखंड, जे हवेशी गाठ पडली की गंज होऊन बसतं. बोट चालताना नाळेशी लाट सारखी वर चढते आणि सुकते, म्हणून तिथे पट्टा उंच. जेलकोट नवा आणि मेण लावलेला असेल तर हे वरवर राहतं. पण ऊन खाल्लेला जेलकोट सच्छिद्र होतो आणि डाग त्या छिद्रांत जाऊन बसतो. म्हणूनच साबणाने कितीही घासलं तरी तो हलत नाही: ब्रश छिद्राच्या तोंडावरून फिरतो, आत जातच नाही. आत जायला पाण्यासारखं पातळ काहीतरी हवं.

ऑक्झॅलिक ॲसिड नेमकं तेच करतं. पांढऱ्या स्फटिकांच्या पुडीत येतं. साध्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास विरघळतं. मी त्याच्या निम्म्याहून कमी घेतलं, आणि पाणी कोमट, म्हणजे लवकर विरघळतं. ते गंजातल्या लोखंडाला धरतं आणि त्याचं पाण्यात विरघळणारं संयुग करतं. म्हणजे डाग खरवडला जात नाही, झिजत नाही, तो सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. जेलकोटला धक्का लागत नाही. माझ्या मते फायबरच्या बोटीसाठी याच्याइतकं उपयोगी रसायन दुसरं नाही, आणि तरीही लोक आधी कंपाऊंडकडे का धावतात हे मला कळत नाही.

पण ते विषारी आहे हे विसरायचं नाही. पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब करतं. पुडी उघडताना उडणारी धूळ श्वासात गेली तर घसा जळतो. मास्क लावूनच पुडी उघडायची, आणि भांडं त्याच कामाचं वेगळं ठेवायचं.

अडचण अशी की उभ्या बाजूवर पाणी थांबत नाही. लावलं की ओघळतं, आणि या कामाला दहा-पंधरा मिनिटं तरी ओल टिकायला हवी. म्हणून स्टार्चची जाडसर खळ शिजवली, गार केली, आणि तिच्यात हे पाणी कालवलं. खळ भिंतीला चिकटते तशी बोटीला चिकटते. रुंद ब्रशने पट्ट्यावर लावली, वरून पातळ प्लास्टिक चिकटवलं की सुकत नाही. सुकू द्यायचं नाही हे महत्त्वाचं. सुकलं की स्फटिक परत बसतात आणि सुटलेलं लोखंडही तिथेच राहतं. काम सावलीतच करायचं, त्याचं हेही कारण आहे आणि अजून एक आहे: लोखंड आणि ऑक्झॅलिकचं ते संयुग प्रकाशाने तुटतं आणि त्यातून पिवळट गाळ बसतो. आम्ही बोटीची ज्या बाजूला सावली असेल तीच बाजू धरायचो, ऊन फिरलं की आम्हीही फिरायचो.

प्लास्टिक उचललं तेव्हाचा क्षण सांगते. खळ लावताना पांढरी होती, आता तिला हिरवट-पिवळी झाक आली होती. तो रंग बोटीतला, बोटीतून निघून खळीत आलेला. पाण्याचा पाइप धरला आणि खळ सरकत गेली तशी मागे पांढरी बोट उघडी पडत गेली; जिथपर्यंत प्लास्टिक होतं तिथपर्यंत पांढरी, पुढे तपकिरी, मध्ये पट्टीने ओढल्यासारखी रेघ. भाऊ लांबून ओरडला, "ताई, बोट नवी दिसायला लागली!" बफिंग मशीन त्या दिवशी त्याने स्वतःच आवरून ठेवलं.

सगळीकडे पहिल्या हाताला काम झालं नाही. नाळेशी दुसरा हात द्यावा लागला, आणि टॅनिन दाट होतं तिथे हलकी सावली उरलीच. पण तीव्रता वाढवण्यापेक्षा तेच पातळ पाणी पुन्हा लावणं बरं, असं माझं मत आहे.

गंजाच्या ओघळांना खळीने तसाच गुण आला. मात्र इथे काढण्यापेक्षा शोधणं मोठं. गंज बोटीवर आकाशातून पडत नाही. प्रत्येक ओघळाच्या वरच्या टोकाला काहीतरी लोखंडी असतं. ते तसंच ठेवून डाग काढला तर पुढच्या पावसात ओघळ परत येणार. मी ओघळाच्या वर-वर जात रबरी पट्टीपर्यंत पोचले आणि पट्टी उचलली. खाली स्क्रूंची रांग. वरून सगळे सारखेच चकाकणारे, पण छोटं चुंबक टेकवलं तेव्हा काही स्क्रू खाडकन चिकटले. चांगलं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. हे साधे लोखंडी, वरून मुलामा दिलेले. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत बसवलेले. ओघळ नेमके त्यांच्याखालीच होते.

एक ओघळ मात्र खऱ्या स्टेनलेसच्या बोल्टखाली होता. तो काढला, तर डोकं आणि शेंडा स्वच्छ आणि मध्ये, फायबरच्या आत, मान खाल्लेली, काळी, खड्डे पडलेली. स्टेनलेस टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे, आणि तो थर भरून यायला ऑक्सिजन लागतो. सीलंट फाटून आत खारं पाणी साचलं की तिथे हवा पोचत नाही, मिठातलं क्लोराइड थर फोडतं, आणि बाहेरून सुंदर दिसणारा बोल्ट आतून खंगत जातो. त्या बोल्टवर दोर बांधायचा खुंट होता. डाग आहे, पुसून टाकू, असं म्हटलं असतं तर तो खुंट एखाद्या जोराच्या वाऱ्यात दोरासकट उपटून आला असता. म्हणून मला गंजाचा डाग नुसता विद्रूप वाटत नाही. बोटीने आपणहून दिलेली ती खबर आहे. सगळे स्क्रू-बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेसचे घातले, ज्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या पाण्यात ते जास्त तग धरतात, आणि प्रत्येक भोकात ताजं सीलंट भरलं.

घासताना लोखंडी तारेची घासणी का वापरायची नाही, तेही याच ओघात सांगते. तिचे बारीक तुकडे जेलकोटमध्ये आणि स्टेनलेसवर रुततात आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक तुकड्याचा एक तांबूस ठिपका होतो. काढायला एक डाग, आले शंभर.

वरच्या काठाला लाकडी पट्टी आहे. तिच्यात जुन्या खिळ्यांच्या भोवती निळे-काळे डाग होते. लाकडातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड यांनी ते होतात, आणि गंमत म्हणजे शतकानुशतकं लिहायची शाई याच दोन गोष्टींतून करत होते. खरीखुरी शाईच ती. ऑक्झॅलिकच्या त्याच पाण्याने ती फिकी होत होत गेली. लाकूड ओलं असताना गडद दिसतं, त्यामुळे पुरतं सुकू देऊन मगच दुसरा हात द्यायचा की नाही ते ठरवलं.

धुराच्या नळीभोवतीच्या काळ्या ढगाला वेगळी वागणूक. डिझेलची काजळी म्हणजे कार्बन आणि न जळलेलं तेल. क्षारयुक्त ग्रीस काढणारं द्रावण फवारलं, थोडा वेळ थांबून मऊ फडक्याने उचललं, पुसलं नाही. पुसलं की ढग पसरतो. फडक्याची घडी दर वेळी बदलायची. बरंचसं निघालं. मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने उरलेलं झटक्यात जातं हेही खरं, पण तो स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच असतो. डागाबरोबर चमकही नेतो. हाताएवढ्या जागेला चालेल, अख्ख्या बाजूला नाही.

निळ्या फराट्यांबाबत मी सगळ्यात सावध होते. तळाचा रंग जीव चिकटू नयेत म्हणून विषारी केलेला असतो, बहुतेक तांब्याच्या संयुगांनी. जुन्या काळी त्यात ट्रायब्युटिलटिन असायचं. ते समुद्री गोगलगायींची प्रजननव्यवस्था बिघडवतं हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये करार केला आणि 2008 मध्ये तो लागू झाला. जुन्या बोटीच्या तळाला खालच्या थरांत काय आहे, हे वरून दिसत नाही. म्हणून तळाचा रंग कोरडा कधीच घासायचा नाही. फराटे ओल्या फडक्याने आणि थोड्या सॉल्व्हंटने काढले, खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर जे पडलं ते गोळा केलं, पाण्यात किंवा गटारात जाऊ दिलं नाही. ॲसीटोन फार जपून: फडक्यावर घ्यायचं, बोटीवर ओतायचं नाही, आणि एका जागी टेकवून ठेवायचं नाही.

एवढं होईपर्यंत झिजवणारं काहीही वापरलं नव्हतं, आणि बोट नव्वद टक्के स्वच्छ झाली होती. उरला तो भुकटीचा मंदपणा आणि काही ठिकाणची पिवळी सावली. मशीनची पाळी आता.

मिस्त्रींनी इथे एक युक्ती दाखवली जी मी पुढे कुणालाही शिकवीन. वॉटर पेपर लावण्याआधी शिसपेन्सिलने त्या जागी आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची. मग 1000 नंबरचा वॉटर पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळून, पाणी ओतत, हलक्या हाताने फिरवायचा. रेघा गेल्या की थांबायचं, हात तिथून उचलायचा. सगळीकडच्या रेघा एकाच वेळी जात नाहीत; उंचवट्यावरच्या आधी जातात, खोलगटातल्या मागे राहतात, आणि त्यावरून कुठे किती थर निघतोय ते डोळ्यांना दिसतं. कोपऱ्यांवर आणि कडांवर जेलकोट मुळातच पातळ बसलेला असतो, म्हणून त्यांच्यावर आधीच मास्किंग टेप. पुढे 1500, मग 2000, मग कंपाऊंड. बफिंग मशीन कमी वेगावर आणि सतत फिरतं. एका जागी थांबलं तर उष्णतेने जेलकोट पिवळा पडतो, आणि तो डाग मग कशानेच जात नाही. मी दर थोड्या वेळाने हाताची पाठ टेकवून बघायचे. कोमट ठीक, गरम झालं की थांब.

शेवटी मेण, दोन हात. मेणाचं काम चमकेपेक्षा छिद्रं बुजवण्याचं जास्त. पुढचं टॅनिन, पुढची काजळी त्याच्यावर बसेल आणि धुण्याने जाईल. हे दर हंगामाला करावं लागतं, आणि करावंच.

एक जागा मी सोडली. मागच्या डाव्या कोपऱ्यावर, पाण्याच्या रेषेजवळ, तळहाताएवढी पिवळी सावली अजून आहे. वॉटर पेपर फिरवताना तिथे पांढऱ्याखालून किंचित करडी झाक दिसायला लागली, आणि वाकून उजेड तिरपा धरला तर काचेच्या धाग्यांची वीण पुसटशी जाणवत होती. आधीच्या कुणीतरी तिथे घासून घासून थर संपवत आणला होता. तिथे अजून एक हात फिरवला असता तर पिवळेपणा गेला असता आणि त्याबरोबर जेलकोटही. मग पाणी थेट फायबरमध्ये मुरायला मोकळं. भावाला ती जागा अजून खुपते. मिस्त्री म्हणाले, "राहू दे. हवा कोरडी झाली की तेवढ्यावर नवा जेलकोट चढवू." पॉलिएस्टरचा जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो, साच्यात तसा प्रश्न येत नाही, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळावं लागतं, ते वर तरंगून हवा अडवतं आणि थर पुरता कडक होतो. जुन्या पांढऱ्याशी रंग जुळवायला त्यांनी मागच्या बाजूचा एक साफ झालेला तुकडा आतापासून हेरून ठेवला आहे.